चालत गेलेलं माणूस चालतच घरी यावं
(आरोग्याचा धडा : बैठकीत एकीनं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा)



मागच्या महिन्यात आपण रक्ताच्या कमतरतेबद्दल वाचलं. या महिन्याचा विषय आपल्या प्रत्येकीच्या घरातला आहे. घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात ॲडमिट होतं, तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसतं? सून, लेक, नाहीतर बायको. म्हणजे आपणच. म्हणून हा धडा आपल्यासाठी.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना निमोनिया झाला. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय ७२. ताप होता, धाप लागत होती, तरी एसटीच्या पायऱ्या स्वतः चढल्या. दवाखान्याच्या दारातून आपल्या पायानं आत गेल्या. नऊ दिवस ॲडमिट होत्या. औषधं चांगली लागू पडली, चौथ्या दिवशी ताप गेला, धापही कमी झाली. पण घरी आणताना त्यांना जीपमधून उचलून खाली घ्यावं लागलं. पाय जमिनीवर टेकवला की गुडघे लटपटायचे. न्हाणीपर्यंत जायचं तरी दोन माणसं लागायची.

आम्हाला वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा आहे, जाईल. पण त्या नऊ दिवसांत आम्ही काय केलं होतं ते आठवून बघा. त्या उठायला लागल्या की मी म्हणायचे, "आत्या, पडून राहा, सलाईन निघंल." लघवीला जाते म्हणाल्या की भांडं द्यायचे, रात्री डायपर. घासही मीच भरवायचे. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा "आराम करा, उठू नका" असंच सांगून जायचा. वॉर्डात माणसांची गर्दी, सिस्टर दोनच. त्यांना उठवा असं कोणी म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. जे केलं ते मायेनं केलं. पण त्या मायेनंच त्यांनी अंथरूण धरलं.

पुढं काय झालं? गटाच्या कर्जातून घेतलेल्या आमच्या दोन शेळ्या आत्याच चारायला न्यायच्या. त्या बसल्या, म्हणून मला घरी थांबावं लागलं. माझी मजुरी बुडाली, शेळ्या विकून हप्ते फेडले. आत्या वॉकर घेऊन दारापर्यंत यायला लागल्या त्याला पाच महिने गेले. शेताकडं त्या परत कधी गेल्या नाहीत.

पडून राहिल्यानं शरीरात काय होतं?

आपण चालतो, उठतो, बसतो तेव्हा मांडीचं, पोटरीचं मांस काम करतं. काम थांबलं की शरीर ते मांस झिजवायला लागतं. तरुण माणसाचं लवकर भरून येतं, म्हाताऱ्या माणसाचं येत नाही.

२००७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात ११ धडधाकट ज्येष्ठ माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. कसलाही आजार नव्हता. तरी १० दिवसांत त्यांच्या पायांतून जवळजवळ १ किलो मांस कमी झालं. मग ज्याला ताप आहे, जेवण जात नाही, त्याचं काय होत असेल?

तिथल्याच आणखी एका अभ्यासात दवाखान्यातल्या ४५ ज्येष्ठ रुग्णांच्या हालचाली यंत्र लावून मोजल्या. ही सगळी माणसं आजारापूर्वी चालती-फिरती होती. पण दवाखान्यात त्यांचा सुमारे ८३ टक्के वेळ झोपून गेला, म्हणजे २४ पैकी जवळजवळ २० तास. म्हणजे हे आपल्याच गावाकडं होतं असं नाही. मोठमोठ्या दवाखान्यांतही होतं.

मांस झिजतं तसं आणखीही नुकसान होतं :

- छातीत कफ साठतो, निमोनिया होऊ शकतो.
- पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.
- पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात.
- संडासला खडा होतो, भूक मरते.
- एकदम उभं केलं की चक्कर येते, कारण शरीर उभं राहायची सवय विसरतं.
- दिवस-रात्रीचं भान सुटतं, माणूस बरळायला लागतं. आपण म्हणतो "म्हातारपणानं डोकं फिरलं", पण पुष्कळदा ते आजारानं आणि अंथरुणात पडून झालेलं असतं.

मग उठवलं तर पडणार नाही का?

ही भीती खरी आहे. पडलं, हाड मोडलं तर नवीनच संकट. पण नुसतं झोपवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण पायातली ताकद गेली की घरी आल्यावर पडायची भीती आणखी वाढते. उठवायचं, पण विचारून, धरून आणि टप्प्याटप्प्यानं.

स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरातल्या दवाखान्यात हे करून पाहिलं. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३७० रुग्ण होते, सरासरी वय ८७. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्या निम्म्यांना त्यासोबत रोज दोन वेळा, थोडा थोडा वेळ, शिकवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली उठबस, चालणं आणि पायाच्या ताकदीचे व्यायाम दिले. घरी जाताना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची स्वतःची कामं करायची ताकद आधीपेक्षा कमी झाली होती. व्यायाम केलेल्यांची कमी झाली नाही, उलट थोडी वाढली. आणि त्या व्यायामामुळे कोणाला इजा झाली नाही. ८७ वर्षांच्या माणसांना जमलं, तर आपल्या आत्याला, मामंजींनाही जमेल.

पहिलं काम : विचारायचं

डॉक्टर राऊंडला आले की आपण बाजूला उभ्या राहतो, पदर तोंडाला लावतो. तसं नको. रोज सकाळी हे चार प्रश्न विचारा :

१. आज यांना बसवू का? उभं करू का? चालवू का?
२. कुठल्या पायावर किंवा बाजूवर भार द्यायचा नाही असं आहे का?
३. ही लघवीची नळी, हे सलाईन अजून लागतंय का? सलाईन संपल्यावर सुई बंद करून थोडा वेळ मोकळं ठेवता येईल का?
४. व्यायामाचे डॉक्टर, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, यांना बघायला येतील का?

चौथा प्रश्न महत्त्वाचा. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ६० वर्षांवरच्या माणसांसाठी १० खाटांचा वेगळा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय असावी अशी तरतूद आहे. त्यामुळे "इथं ज्येष्ठांचा वॉर्ड कुठं आहे? फिजिओथेरपी कुठं मिळंल?" असं विचारायला लाजायचं कारण नाही.

कधी उठवायचं नाही

- डॉक्टरांनी "अजिबात उठवू नका" असं सांगितलं असेल तेव्हा.
- हाड मोडलंय आणि अजून ऑपरेशन किंवा प्लास्टर झालेलं नाही.
- कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालंय आणि पायांत अजून ताकद आलेली नाही.
- छातीत दुखतंय, खूप धाप लागलीय, दरदरून घाम आलाय.
- बीपी फार कमी आहे किंवा माणूस गुंगीत आहे.
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजलीय, दुखतेय. हे लगेच सिस्टरना दाखवायचं. चोळायचं नाही.

पायरी पायरीनं उठवायचं

पहिली पायरी, खाटेवर : उठायची परवानगी नसली तरी बहुतेकांना हे करता येतं. डॉक्टरांना विचारून दर तासा-दोन तासांनी दहा दहा वेळा करायचं. पायाचे पंजे वर-खाली करायचे, शिलाई मशीन चालवताना करतो तसे. एक एक गुडघा वाकवून टाच जवळ ओढायची, परत सरळ करायची. लांब श्वास घ्यायचा, हळू सोडायचा. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची.

दुसरी पायरी, बसून जेवण : झोपून घास देऊ नका, ठसका लागून अन्न श्वासनळीत जातं. पाठीला उशा लावून नीट बसवा. जमत असेल तर खुर्चीवर बसवा. घास त्यांच्या हातानं खाऊ द्या. सांडलं तर पुसता येतं. चेहरा पुसणं, केस विंचरणं हेही त्यांनाच करू द्या. हात चालले तरी तो व्यायामच आहे.

तिसरी पायरी, पाय खाली सोडून बसणं : आधी कुशीवर वळवा. मग दोन्ही पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन उठायला सांगा. दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका, खांदा निखळतो. एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या. चक्कर येते का विचारा. पाय जमिनीला टेकत नसतील तर सिस्टरना सांगून खाट खाली घ्या.

चौथी पायरी, उभं राहणं : पायात चप्पल घट्ट बसणारी हवी. सपाता घसरतात, नुसते मोजे तर आणखी घसरतात. लुगडं किंवा धोतर पायात येणार नाही असं वर खोचा. टाचा थोड्या मागे घ्यायच्या, पुढं वाकायचं आणि खाटेवर हाताचा जोर देऊन उठायचं. तुम्ही अशक्त बाजूला, जरा मागे उभं राहा. एक हात कमरेमागे, दुसरा त्यांच्या हातात. कमरेला घट्ट बांधलेला पंचा असला की धरायला बरं पडतं. पहिल्यांदा उभं करताना सिस्टर किंवा मावशींना सोबत घ्याच.

पाचवी पायरी, चालणं : वॉर्डात अंतर मोजायची सोपी युक्ती म्हणजे खाटा. आज दोन खाटांपर्यंत, उद्या चार, परवा दारापर्यंत. सकाळचा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, प्रत्येकानंतर थोडा वेळ थांबून एक फेरी. भांडं देण्यापेक्षा संडासापर्यंत धरून न्या. लादी ओली असेल तर थांबा. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवा, नळी ताणू देऊ नका. घरची काठी किंवा वॉकर असेल तर तो पहिल्याच दिवशी आणा.

चालता चालता चेहरा पांढरा पडला, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीत दुखलं, तर तिथंच खाली टेकवा आणि हाक मारा. पडायला लागलं तर उचलून धरायची झटापट करू नका, आपलीही कंबर जाते. आपल्या अंगाला टेकवून हळूच जमिनीवर बसवा.

या गोष्टींनी मदत होते

- चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र घरी ठेवू नका. दिसलं, ऐकू आलं तर माणूस धीरानं पाऊल टाकतं.
- दुखत असेल तर सिस्टरना सांगा. दुखण्याची गोळी घेतल्यावर थोड्या वेळानं चालवलं तर सोपं जातं.
- मांस भरून यायला डाळ, अंडं, दूध, मटकी लागते. नुसत्या चहा-बिस्किटावर ताकद येत नाही. शुगर, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर काय आणि किती द्यायचं, पाणी किती द्यायचं, ते डॉक्टरांना विचारा.
- दिवसा खिडकी उघडी ठेवा, आज वार कोणता, किती वाजले ते सांगा, गावाकडच्या गप्पा मारा. रात्री मोबाईल बंद करून झोपू द्या.
- येणाऱ्या पाहुण्यांना काम द्या. "नुसतं बसू नका, आत्यांना एक फेरी मारून आणा" असं सांगा. केळी आणण्यापेक्षा ही भेट मोठी.

दुसऱ्यांदा आम्ही काय केलं

आत्यांनंतर दोन वर्षांनी मामंजी अंगणात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. या वेळी मी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या आणि मामंजींना वॉकर धरून उभं केलं. ते ओरडले, मला शिव्या दिल्या, "मारायला आणलंय का मला" म्हणाले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, टाके नीट आहेत, भार द्यायला परवानगी आहे, दुखणार, पण थांबलो तर जास्त दुखेल. मग मी वहीत रोजच्या खाटा लिहायला लागले. पहिल्या दिवशी शून्य, नुसतं उभं. दुसऱ्या दिवशी एक खाट. एक दिवस ताप आला म्हणून काहीच नाही. घरी निघायच्या दिवशी नऊ खाटा आणि परत.

ते वॉकर घेऊन आपल्या पायानं घरात आले. दोघांचा आजार वेगळा होता, प्रकृती वेगळी होती, त्यामुळे सरळ तुलना करता येणार नाही. पण ओट्यावर बसलेल्या आत्या त्यांना बघत होत्या. मला म्हणाल्या, "मला बी आसंच उठवायला पायजे हुतं गं." मी काय बोलणार? म्हणून हा धडा लिहिला.

घरी सोडताना

सुट्टीच्या कागदावर औषधं लिहिलेली असतात, व्यायाम बहुतेक वेळा नसतात. विचारून लिहून घ्या : किती चालवायचं, जिना चढवायचा का, मांडी घालून किंवा उकिडवं बसायचं का, परत कधी दाखवायचं. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे नक्की विचारा. घरी येण्याआधी न्हाणीत धरायला काहीतरी पक्कं लावा, वाटेतली गोणपाटं-पायपुसणी काढा, रात्री दिवा ठेवा, उंच खुर्ची किंवा कमोडची खुर्ची मिळते का बघा. आणि घरी आल्यावर पुन्हा "पडून राहा" सुरू करू नका.

गट काय करू शकतो?

हे सगळं एकट्या सुनेच्या माथी मारलं तर होणार नाही. दवाखान्यात आठ दिवस एकटी बाई रात्रंदिवस थांबली तर ती स्वतःच आजारी पडते. घरातल्या पुरुषांनीही पाळी घ्यावी, आपल्या आईला, वडिलांना धरून चालवायला काय हरकत आहे? गटात आपण असं ठरवू शकतो :

- सदस्येच्या घरचं ज्येष्ठ माणूस ॲडमिट झालं तर गटातल्या दोघींनी एक एक दिवस पाळीनं जायचं.
- एक वॉकर आणि एक कमोडची खुर्ची गटानं किंवा ग्रामसंघानं घेऊन ठेवायची. ज्याला लागेल त्यानं न्यायची, काम झालं की धुऊन परत द्यायची.
- दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर बैठकीची वाट न बघता द्यायचं. तसा ठराव आधीच करून ठेवायचा.

बैठकीत करून बघा

१. एका मजबूत खुर्चीवर बसा. हात छातीवर बांधून, हाताचा जोर न देता पाच वेळा उभ्या राहा आणि बसा. कोणाला जड जातं ते बघा. हीच ताकद अंथरुणात आधी जाते. गुडघे दुखतात त्यांनी करू नये, नुसतं मोजावं.
२. एकीनं बाजेवर झोपायचं, दुसरीनं तिसऱ्या पायरीप्रमाणे उठवायचं. काखेत न धरता. मग अदलाबदल.
३. चार प्रश्न प्रत्येकीनं पाठ म्हणायचे.

चर्चेसाठी प्रश्न

- तुमच्या घरचं कोणी दवाखान्यात चालत गेलं आणि उचलून आणावं लागलं, असं झालंय का? तेव्हा काय वेगळं करता आलं असतं?
- "आराम करा" असं सांगणाऱ्या पाहुण्यांना काय उत्तर द्याल?
- आपल्या गावात आत्ता असं कोणी ज्येष्ठ ॲडमिट आहे का? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार? नाव इतिवृत्तात लिहा.

आजाऱ्याला आराम हवाच. रात्रीची झोप हवी, मनाची शांतता हवी. पण आराम म्हणजे दिवसरात्र खाट नव्हे. पुढच्या वेळी "पडून राहा" असं तोंडात आलं की तिथंच थांबा, आधी सिस्टरना विचारा आणि मग म्हणा, "चला, दोन खाटांपर्यंत जाऊन येऊ."